दीड लाख रुपये आधी कुठे घालावेत: छपरावर, स्कूटरवर की परसात?

गेल्या दोन वर्षांत फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर सौर पॅनेल बसवून देणारे दोनदा येऊन गेले, आमच्याच घरातली पेट्रोलची स्कूटर जाऊन विजेवरची आली, आणि ओला कचरा शक्यतो घरीच जिरवावा असे सांगणारे पत्रकही दारात आले. तिन्ही गोष्टींचा हेतू प्रदूषण आणि कार्बन कमी करण्याचा आहे आणि तिन्हींमागे सरकारी धोरण आहे; परंतु तिन्हींवर एकदम खर्च करणे बहुतेक घरांना परवडणारे नाही. हाताशी साधारण दीड लाख रुपये असलेल्या चार-पाच माणसांच्या गोव्यातल्या घराने त्यातले आधी काय करावे, एवढाच या आढाव्याचा विषय आहे.

ही तुलना करताना बहुतेकांची एका ठिकाणी गल्लत होते. खिशातले पैसे कशाने अधिक वाचतात आणि हवेत जाणारा कार्बन कशाने अधिक घटतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि गोव्यात त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याचे कारण आपल्या विजेत आहे. गोव्याकडे स्वतःचे मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. छत्तीसगडमधल्या कोरबासारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून वीज तारांवाटे इथवर येते. देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा जून २०२५ मध्ये सौर, पवन, जल, अणू अशा कोळसा किंवा वायू न जाळणाऱ्या स्रोतांचा झाला, ही मजल मोठीच आहे. मात्र क्षमता म्हणजे प्रत्यक्ष निर्मिती नव्हे, आणि सूर्य मावळल्यावर दिवे अजून बहुतांशी कोळशावरच जळतात. म्हणून एक युनिट वीज वापरली की सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असे धरले जाते. त्याच वेळी घरगुती विजेचे दर गोव्यात शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा बरेच कमी आहेत. युनिटला चार रुपये धरले, तर एका रुपयाच्या विजेमागे सुमारे १७५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. पेट्रोलच्या एका लिटरमधून सुमारे २.३ किलो निघतो, म्हणजे लिटरचा भाव शंभराच्या आसपास असताना रुपयामागे जेमतेम २३ ग्रॅम. थोडक्यात, आपली वीज खिशाला हलकी आणि हवेला जड आहे, पेट्रोलचे नेमके उलट आहे. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर फिरतो.

छप्पर

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्यासाठीची पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातली एक कोटी घरे हे तिचे लक्ष्य असून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. घराला मिळणारे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये आहे. त्याहून मोठा संच बसवला तरी अनुदान वाढत नाही. तीन किलोवॅटच्या संचाला साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये लागतात असे धरले, तर अनुदान वजा जाता घरचे एक लाख ते सव्वा लाख खर्ची पडतात. अनुदान मात्र संच बसून तपासणी झाल्यावर बँकेत जमा होते, त्यामुळे मधल्या काळापुरती पूर्ण रक्कम उभी करावी लागते किंवा योजनेतले बिनतारण कर्ज घ्यावे लागते.

असा संच गोव्याच्या उन्हात वर्षाला साधारण ३,६०० ते ४,००० युनिटे देतो. कार्बनच्या भाषेत ही वर्षाला अडीच टनांहून अधिक बचत झाली. पैशांच्या भाषेत ती किती, हे बिलावर ठरते. ज्या घरात गिझर, वातानुकूलन यंत्र आणि पंप आहे आणि महिन्याला तीनशे युनिटे सहज उलटतात, त्यांची चढ्या दराची युनिटे वाचतात आणि सात-आठ वर्षांत पैसे वसूल होऊ शकतात. पण ज्या घरात अजून भाणात चुडते आणि करवंट्या जाळून आंघोळीचे पाणी तापते, जिथे महिन्याचा वापर शंभर-सव्वाशे युनिटांचा आहे, त्यांचे बिल मुळातच इतके थोडे असते की एक किलोवॅटवर घातलेले पैसे परत यायला दहा वर्षांहून अधिक लागतील. अशा घराला तीन किलोवॅट विकणारा माणूस त्याचे भले करत नसतो.

गोव्यातल्या छपराच्या काही अडचणी माहितीपत्रकात छापलेल्या नसतात. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी आणि उन्हातली जागा लागते, आणि आपल्याकडे घरामागे माड असतो. माडाची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर जरी पडली, तरी त्याच साखळीतल्या इतर पॅनेलांची निर्मिती घसरते. शिवाय नारळ पाडायच्या दिवशी पाडेलीला आधी सांगून ठेवावे लागते, ही चेष्टा नाही. मंगळुरी कौलांच्या उतरत्या छपरावर सांगाडा कौलांना नव्हे तर खालच्या वाशांना धरून बसवावा लागतो, आणि ते काम घाईत झाले तर दोष पहिल्या पावसात डोक्यावर टपकतो. समुद्राकाठच्या गावांत खारी हवा साधे लोखंड दोन-तीन वर्षांत खाते, म्हणून सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा चांगला जस्त चढवलेला आहे ना, हे करारात लिहून घ्यावे. पॅनेले पंचवीस वर्षे चालतात; त्यांची वीज घराला वापरता येईल अशी करणारा संचातला इन्व्हर्टर मात्र त्याआधी एकदा बदलावा लागेल असे धरून चालावे.

सर्वांत मोठा गैरसमज पावसाळ्यातल्या अंधाराविषयी आहे. जूनमध्ये वाऱ्याने फांदी तारेवर पडली आणि गावाची वीज गेली, तर छपरावर पॅनेले असलेल्या घरातही दिवे जातात. अनुदानावर सहसा बसतो तो संच वीज खात्याच्या जाळ्याला जोडलेला असतो आणि जाळे बंद पडताच तो स्वतःहून बंद होतो. तसे नसते तर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छपरावरून आलेल्या विजेचा धक्का बसला असता. अंधारातही दिवे हवे असतील तर बॅटरीचा निराळा खर्च आहे, आणि तो धरला की परतफेडीचे गणित कोलमडते. माझ्या मते ज्याला खरी चिंता खंडित विजेची आहे, त्याने छपराचा विचार सोडून साधा, बॅटरीवरचा घरगुती इन्व्हर्टर घ्यावा.

पैसे आणि ऊन दोन्ही असून काम अडते ते कागदावर. जुन्या घराची वीजजोडणी आजोबांच्या नावावर, वारस पाच, त्यातले दोघे मुंबईला आणि एक परदेशात, हे चित्र आपल्याकडे घरोघर आहे. अर्जदाराचे नाव आणि बिलावरचे नाव जुळावे लागते, म्हणून जोडणी नावावर करून घेणे हे पहिले काम ठरते आणि त्यालाच पॅनेले बसवण्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

एक गोष्ट विषयाला सोडून नाही म्हणून सांगतो. बाहेरची वीज गोव्यात आणणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिनीसाठी मोले परिसरातले जंगल कापण्यास २०२० मध्ये लोकांनी मोठा विरोध केला. एका घराच्या तीन किलोवॅटने एकही मनोरा टळत नाही, हे मान्यच आहे. पण वीज बाहेरून यायला नको आणि आपल्या छपरावरही नको, या दोन्ही भूमिका एकाच तोंडाने घेता येत नाहीत.

स्कूटर

बाणस्तारीहून पणजीला रोज ये-जा करणाऱ्या माणसाचे दिवसाला ३० किलोमीटर होतात, वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले तर ९,००० किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर २०० लिटर पेट्रोल, म्हणजे वर्षाला सुमारे वीस हजार रुपये जातात. विजेवरच्या स्कूटरला तेवढ्याच अंतरासाठी, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण ३०० युनिटे पुरतात आणि त्यांचे बाराशे रुपये होतात. अठरा हजारांच्या आसपास वार्षिक बचत देणारी दुसरी कोणतीही वस्तू या यादीत नाही, आणि ती बचत पहिल्या महिन्यापासून हातात दिसते.

कार्बनचा आकडा मात्र माफक आहे. २०० लिटर पेट्रोलचे ४६० किलो वाचतात, पण ३०० युनिटांचे २१० किलो कोळशाच्या केंद्रात निघतात. निव्वळ बचत वर्षाला २५० किलो. तीन किलोवॅटच्या छपराची बचत याच्या दहापट आहे. ज्याने स्कूटर घेऊन हवामानबदलाशी आपला हिशेब चुकता झाला असे मानले असेल, त्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. तरीही धुराच्या दृष्टीने स्कूटरची बाजू बळकट आहे, कारण कोरबाचा धूर कोरबात राहतो म्हणून तो चांगला होत नसला, तरी पणजीतल्या मळा भागाच्या अरुंद गल्लीत किंवा शाळेच्या फाटकाशी सकाळी आठ वाजता मुलांच्या नाकाशी येणारा धूर मात्र तिने खरोखर थांबतो.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून दुचाकीला दहा हजारांपर्यंत सवलत होती. एप्रिल २०२५ पासून ती पाच हजारांवर आली. ही सवलत आटत जाणारी आहे, म्हणून ती न धरताच हिशेब करावा आणि मिळाली तर बोनस समजावा. दिवसाला दहा किलोमीटरही न फिरणाऱ्याने चालती पेट्रोलची गाडी काढून नवी घेण्यात फारसा अर्थ नाही.

खरेदीपूर्वी बॅटरीच्या वॉरंटीइतकीच दुरुस्तीची चौकशी करावी. गेल्या श्रावणात आमच्या स्कूटरचा कंट्रोलर गेला. सुटा भाग राज्याबाहेरून यायला बावीस दिवस लागले, आणि तोवर धाकट्या भावाची पेट्रोलची गाडी मागून आणावी लागली. पेट्रोलच्या गाडीचा बिघाड नाक्यावरचा मेस्त्री अर्ध्या तासात काढतो; विजेच्या गाडीला ते दिवस अजून यायचे आहेत. कंपनी कोणतीही असो, तिचे सेवाकेंद्र आपल्या तालुक्यात आहे की नाही, हे मी आता किमतीच्या आधी विचारीन. पावसाचे म्हणाल, तर साध्या पावसाने काही होत नाही, पण तुंबलेल्या पाण्यात चाक अर्धे बुडेल अशा रस्त्यावर कोणतीच गाडी घालू नये.

परसातली कुंडी

ओला कचरा कुजवून खत करणाऱ्या कुंडीचा खर्च दोन-तीन हजारांचा आहे, त्यामुळे खरे तर ही स्पर्धाच नव्हे. चार-पाच माणसांच्या घरातून दिवसाला एक ते दीड किलो ओला कचरा निघतो. तो उघड्या ढिगात दाबून कुजला की मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता धरतो. मडगावच्या सोनसोडोवर मे २०१९ मध्ये पेटलेला ढीग ज्यांनी पाहिला किंवा श्वासात घेतला, त्यांना हे निराळे सांगायला नको. अर्थात तुमचा कचरा कुठे जातो यावर लाभ अवलंबून आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून वायू आणि त्यापासून वीज बनते. तिथे वेगळा केलेला कचरा पोचत असेल, तर घरच्या कुंडीने मुख्यतः वाहतूक वाचते. जिथे गाडी आठवड्यातून एकदाच येते, तिथे कुंडीचे मोल फार वाढते.

आमच्या कुंडीची पहिली खेप सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, सालींनी बिघडवली. वास शेजारपर्यंत गेला आणि मुंगसाने झाकण पाडले. तेव्हापासून सालींवर लगेच वखारीतला लाकडाचा भुसा किंवा चुरगाळलेला सुका पातेरा चार बोटे घालतो, कुंडी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवतो आणि पावसाळ्यात ती पडवीच्या आत घेतो. दोन महिन्यांनी निघणारे खत मिरवेलीला आणि केळींना जाते. याचा दुसरा लाभ असा की संध्याकाळी पातेऱ्याबरोबर प्लास्टिकची वेष्टने पेटवण्याची आपल्याकडची वाईट सवय आपोआप सुटते, कारण पातेऱ्याला आता काम मिळालेले असते.

तिघांना शेजारी उभे केले तर

महिन्याला अडीचशे-तीनशे युनिटांहून अधिक बिल, सावली नसलेले छप्पर आणि स्वतःच्या नावाची जोडणी, हे तिन्ही असेल त्या घराने आधी छपरावर जावे. कार्बनच्या बाजूने त्याला तोड नाही, आणि पुढे स्कूटर आली तर तिची वर्षभराची युनिटे त्या छपराच्या एका महिन्याच्या निर्मितीत बसतात. बिल लहान पण रोजचा प्रवास पंचवीस-तीस किलोमीटरचा असेल, किंवा घर भाड्याचे वा सामाईक असेल, तर स्कूटर आधी. तिच्या दोन-अडीच वर्षांच्या बचतीतून लहान संचाला हातभार लागतो. वेळापत्रक जुळत असेल तर बस या दोन्हींच्या वर आहे, पण रात्री उशिरा गावाकडे परतणाऱ्यांना हा सल्ला कसा वाटतो, ते मला ठाऊक आहे. बिलही लहान आणि प्रवासही थोडा असेल, तर दीड लाख बँकेतच राहू द्यावेत आणि दोन हजारांची कुंडी घ्यावी. वास्कोत खिडकीच्या कठड्यावर बसणाऱ्या कोळशाच्या धुळीवर मात्र यातला एकही उपाय चालत नाही. तो प्रश्न बंदराचा आहे आणि घरखर्चातून सुटणारा नाही.

आमच्या घरी क्रम कुंडी, मग स्कूटर असा लागला, कारण छपराचा अर्ज वीजजोडणीवरच्या आजोबांच्या नावाशी येऊन थांबला आहे. चवथीला सगळे काका मूळ घरी जमतात. संमतीपत्राचा मसुदा तयार करून देवघरातल्या कपाटात ठेवला आहे. सह्या झाल्या तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, कौलांवर माणूस चढवता येईल.