अपडेट आलंच नव्हतं, मीच मारलं

लाजेखातर चार महिने गप्प बसलो. कारण मी स्वतः गावात ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. सातबारा, फार्मर आयडी, पीक विमा, पोरांच्या स्कॉलरशिपा. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा कागद दुकानाच्या काचेवर मीच चिकटवलाय. अन् माझेच १,१०,१३९ रुपये एका रात्रीत गेले. ओटीपी कोणालाही न सांगता, क्रोम या ब्राउझरच्या (इंटरनेट उघडायच्या ॲपच्या) एका खोट्या अपडेटपायी.

तारीख ३० जुलै २०२५, बुधवार. वर्धा-यवतमाळच्या शिवेवरचं आमचं गाव, सगळी कपाशी अन् सोयाबीन. एक रुपयातला पीक विमा त्या खरिपापासून बंद झालेला, कपाशीला विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत शेतकऱ्यानं भरायचे. म्हणून लोकांनी ‘भरू का नको’ करत महिना काढला अन् मुदत संपायच्या आदल्या दिवशी सगळे एकदम दुकानात. पोर्टल फिरत बसलेलं, लाईन दुपारपासून येऊन-जाऊन, दारात गर्दी. (मुदत मागाहून वाढलीच. हेच आठ दिवस आधी सांगितलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?)

सातच्या सुमाराला पीक पेऱ्याच्या घोषणापत्राचे कोरे नमुने संपले. गूगलवर शोधलं, एक साईट उघडली. साधीच होती, बातम्याबितम्या असलेली. दोन सेकंदांत पान झाकलं गेलं. मधोमध क्रोमचं गोल चिन्ह, निळं बटण अन् मजकूर : तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, सुरक्षेतील गंभीर त्रुटी दूर करण्यासाठी आत्ता अपडेट करा. दाबलं. झिप फाईल उतरली. ती उघडून आतल्या फाईलवर दोनदा टिचकी मारली. काहीच झालं नाही. ‘झालं असेल’ म्हणून पुढच्या माणसाचा फॉर्म घेतला.

आता जिथं कळायला पाहिजे होतं, ते सांगतो. हे आठवलं की अजून रात्री झोप मोडते.

माझा कॉम्प्युटर विंडोज ७ चा. २०१९ मध्ये नागपुरातून जुना घेतलेला, ११,५०० ला. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्येच सोडून दिलं. क्रोमनंही फेब्रुवारी २०२३ पासून त्यावर नवी आवृत्ती देणं बंद केलं, १०९ नंबरवर गाडी थांबली. क्रोम उघडलं की वर पट्टी यायची : यापुढची अपडेटं हवी असतील तर विंडोज १० किंवा पुढचं लागेल. अडीच वर्षं रोज सकाळी उदबत्ती लावायची अन् त्या पट्टीवरची फुली दाबायची, हा माझा नेम. म्हणजे माझ्या मशीनसाठी क्रोमचं नवीन अपडेट जगात अस्तित्वातच नाही, हे मला कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. अन् त्या दिवशी ‘अपडेट तयार आहे’ म्हटलं तर मला संशय येण्याऐवजी आनंद झाला. अडीच वर्षांची कटकट एका बटणात मिटते म्हणून! एवढा मी शहाणा.

दुसरी खूण. पान खाली सरकवलं तर ती खिडकीही पानासोबत सरकली. खरं क्रोम असं पानाच्या पोटात बसून बोलत नाही. त्याची सूचना वर उजव्या कोपऱ्यात, तीन टिंबांपाशी येते. ते फाईल कधीच देत नाही, आपल्या आपणच उतरवून घेतं अन् फक्त बंद करून उघडायला सांगतं. माझ्या त्या फाईलच्या नावाच्या शेवटी तर जेएस होतं, म्हणजे उघडली की चालू होणारा प्रोग्राम. अँटिव्हायरस? तो मीच बंद केला होता. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर (ती चालवायचं सॉफ्टवेअर) घालताना दर वेळी बोंबलायचा, मग करणार काय. विंडोज का बदललं नाही म्हणाल तर त्याच अंगठ्याच्या मशीनपायी. तिला नवं विंडोज चालत नव्हतं अन् नवी मशीन घ्यायला पैसे. हे मी स्वतःला सोडवायला सांगून राहिलो असं वाटत असेल तर वाटू द्या. दहा बाय दहाच्या दुकानात दिवसाला चारशे सुटतात, त्यात कोणी दर तीन वर्षांनी मशीन बदलून दाखवावी.

त्या रात्री कागद अपलोड व्हायचे राहिले म्हणून कॉम्प्युटर चालूच ठेवून घरी गेलो. पहाटे २:१७ ते २:४९. पोर्टलच्या वॉलेटमधून (फॉर्मचे पैसे आगाऊ भरून ठेवायचं खातं) ३८,६४० गेले, नऊ वेळा, कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांची वीजबिलं अन् रिचार्ज. त्यात ३१,२७५ रुपये शेतकऱ्यांच्या विम्याचे होते. बँकेच्या खात्यातून आधी ४९,९९९ अन् मग २१,५००. पासवर्ड सगळे क्रोममध्ये सेव्ह केलेले. ओटीपी मोबाईलवर आले, पण मोबाईलचे मेसेज मीच कॉम्प्युटरवर जोडून ठेवले होते, आकडे टाईप करायचा त्रास वाचावा म्हणून. म्हणजे त्या फाईलमधून आत शिरलेल्या चोरानं ते माझ्याच पडद्यावर वाचले. मेसेज जोडून ठेवले असतील तर हे वाचणं सोडा अन् आधी ते काढून या.

सकाळी ६:४० ला मोबाईल पाहिला. ७:०५ पासून १९३० (सायबर फसवणुकीचा सरकारी मदत नंबर) लावत होतो, लागला ८:४० ला. पहिल्या तासात कळवा म्हणतात. कळवायला फोन तर उचला! तक्रारीचा नंबर मिळाला, तेवढं त्यातल्या त्यात बरं. तुम्ही फोनच्या नादात माझ्यासारखे बसू नका, सोबतच सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका अन् बँकेला लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

बँकेत साहेब म्हणाले, “ओटीपी टाकल्याशिवाय पैसे जातच नाहीत. म्हणजे तुम्हीच दिला.” मी फाईल दाखवली, पडद्याचे फोटो दाखवले. ते फोटो त्यांनी उलटे धरले होते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, हे त्यात लिहिलंय. “हे आमच्याकडे आलं नाही,” म्हणाले. आठ वर्षांत आलं नाही! तीस दिवसांत धड उत्तर नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा) ऑनलाईन तक्रार केली. तुमच्यावर वेळ आली तर तीस दिवस कॅलेंडरवर मोजा, एकतिसाव्या दिवशी थांबू नका.

ठाण्यातलं तर विचारूच नका. पहिला प्रश्न, “पैसे कोणाले देल्ले?” मी म्हटलं, दिले नाहीत, गेले. “असे कसे जातात बे आपोआप?” क्रोम म्हणजे काय ते सांगण्यात अर्धा तास गेला. मग म्हणाले, पैसे गेले ते खातं परराज्यातलं आहे, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला एसटीनं चार चकरा, ७६० रुपये तिकिटाचे. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्तात, दुसऱ्या वेळी सुट्टीवर, तिसऱ्या वेळी अर्ज ठाण्यातूनच यायला पाहिजे म्हणाले. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही, हे जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात आहे. सांगितलं तर, “मंग तुम्हीच इथं बसा साहेब होऊन.” चौथ्या वेळी कळलं की १२,३०० एका खात्यात अडकवून ठेवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तेव्हा सांगितलं. वकील पाच हजार मागतो.

पण मला सगळ्यात जास्त कशानं जाळलं असेल तर निघताना एक हवालदार जे बोलला त्यानं. “कायले अपडेट-फिपडेट मारता? हाय तसं चालू द्या ना.” अन् हेच आता अख्ख्या गावाचं मत झालंय. चावडीवर, पोह्याच्या ठेल्यावर एकच : अपडेट मारलं की पैसे जातात. परवा एक काका मोबाईल घेऊन आले, प्ले स्टोअर क्रोम अपडेट करू का विचारत होतं. म्हणे, “भाऊ, हे ठगाचंच हाय ना?” नाही हो काका, हे खरं आहे! अपडेट म्हणजे कुंपण बुजवणं. कुंपणाला भगदाड पडलं अन् ते बुजवल्याची दवंडी पिटली की रानडुकराला जागा कळतेच. मग ज्याचं बुजवायचं राहिलं त्याच्याच वावरात ते शिरतं. सप्टेंबर २०२३ मध्ये चित्रं उघडणाऱ्या कोडमध्ये असंच भोक निघालं होतं, क्रोम, फायरफॉक्स, एज सगळ्यांना धावपळ करून बुजवावं लागलं. त्यात तर खास बनवलेलं चित्र नुसतं समोर येणं पुरे होतं, टिचकीचीही गरज नव्हती. क्रोमची सुरक्षेची डागडुजी आता जवळजवळ दर आठवड्याला येते. ती घ्यायचीच. फक्त जिथून घ्यायची तिथूनच : कॉम्प्युटरवर तीन टिंबं, हेल्प, अबाऊट गूगल क्रोम. मोबाईलवर फक्त प्ले स्टोअर. व्हॉट्सॲपवर आलेली ‘क्रोम अपडेट’ नावाची एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप घालणारी) उघडायचीच नाही, मग ती सख्ख्या भावानं का पाठवलेली असेना. त्याचाही मोबाईल गेलेला असू शकतो.

काकांचं अपडेट मी मारून दिलं. पूर्ण होईपर्यंत ते माझ्या बोटाकडे पाहत होते.

दुकानात आता विंडोज ११ चं जुनं मशीन आहे, १८,५०० चं. अंगठ्याचीही नवी घ्यावी लागली. पासवर्ड वहीत लिहितो, हसा खुशाल.

शेतकऱ्यांचे ३१,२७५ मी मुदतवाढीत भरून टाकले, एकाचाही विमा राहू दिला नाही. ते पैसे बायकोनं तिच्या बचत गटातून उचलून दिले. दर महिन्याच्या १० तारखेला हप्ता जातो. कर्जाचं कारण म्हणून गटाच्या वहीत तिनं ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ लिहिलंय.