दोन रात्रींचा बागमुक्काम: मलबार हिल की माटुंगा?

ठाणे-डोंबिवलीच्या माणसाने मुंबईतच दोन रात्री खोली घेऊन राहायचं म्हटलं की घरचे आधी हसतात. हसू द्या. शनिवारी लोणावळ्याच्या घाटात गाड्यांच्या रांगेत बसण्यापेक्षा शहरातल्या एखाद्या जुन्या घरात उतरावं, सकाळी बागेत हिंडावं आणि परत येऊन आयता नाश्ता करावा, हा बेत आम्हा दोघांना मानवला आहे. घर शोधायला राज्याच्या पर्यटन खात्याच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेची यादी चाळता येते, ओळखीपाळखीतूनही मिळतं. खरा प्रश्न उतरायचं कुठे हा. आम्ही दोन्हीकडे राहिलो आहोत: बाबुलनाथच्या बाजूला, मलबार हिलच्या बागांसाठी, आणि माटुंग्याला, फाइव्ह गार्डनजवळ, भायखळ्याची राणीबाग, म्हणजे प्राणिसंग्रहालयाची जुनी बाग, मनात धरून.

देखाव्याचं म्हणाल तर मलबार हिलला तोड नाही. संध्याकाळी कमला नेहरू पार्कच्या कठड्यापाशी उभं राहिलं की चौपाटीपासून मरीन ड्राइव्हचे दिवे एकेक करून लागताना दिसतात. तिथल्या म्हातारीच्या बुटात, म्हणजे बुटाच्या आकाराच्या खेळघरात, शिरायचं आपलं वय नाही, पण नातवंडं सोबत असतील तर तोही एक कार्यक्रम. समोरच्या हँगिंग गार्डनच्या पोटात दक्षिण मुंबईला पाणी देणारा जलाशय आहे. वर हिरवळ, वाफे आणि हत्ती-जिराफाच्या आकारात कातरलेली झुडपं. नीटनेटकं आहे, फोटोला छान. 2025च्या गुढीपाडव्याला तिथल्या जंगलातून जाणारा 485 मीटरचा उंच लाकडी मार्गही खुला झाला. तिकीट ऑनलाइन काढून भल्या पहाटे गेलात तर पायाखाली झाडांचे शेंडे आणि कानावर पक्षी. खाण्यापिण्याला गिरगाव हाताशी, मिसळ आणि पियुष.

मग अडलं कुठे? टेकडीवर. बाग वर, खोली खाली. सकाळी उत्साहात चढून जाल, पण नऊला नाश्ता म्हणून उतरायचं आणि संध्याकाळी पुन्हा वर. हिचे गुडघे दुसऱ्या चढाला तयार नसतात, म्हणून टॅक्सी. काळी-पिवळीवाला काच खाली करतो, ‘हँगिंग गार्डन’ ऐकतो आणि मान हलवून पुढे जातो. जवळचं भाडं कुणाला नको असतं. दुसरा चौपाटीकडे बघत ‘उधर नहीं’ म्हणतो. तिसऱ्याला आपण मीटरवर वीस रुपये जास्त देऊ करतो, मग तो उपकार केल्यासारखा दार उघडतो. ॲपवरची गाडी येते, पण अंतर बघून बऱ्याचदा रद्दही होते. बस आहे, तिची वाट बघण्याइतका धीर असेल तर. विश्रांतीसाठी आलेल्या माणसाने दिवसातून दोनदा फुटपाथवर उभं राहून हात दाखवायचा, हे मला काही केल्या पटेना. इतरांना कदाचित यात एवढं काही वाटणार नाही.

माटुंग्याला असं होत नाही. सहाला चपला अडकवल्या की दादर पारशी कॉलनीच्या झाडाखालच्या रस्त्यांवरून फाइव्ह गार्डन. तिकीट नाही, चढ नाही. बागा म्हणून साध्याच आहेत हे मान्य. येताना स्टेशनजवळच्या फुलबाजारात वेण्या गुंफणाऱ्या बायांचे हात बघत थांबायचं. नाश्ता घरचा नको असेल तर उडप्याची कॉफी. आम्ही उतरलो होतो तिथे पोहे रोज तेच, वर मूठभर खोबरं, तक्रार नाही.

त्यानंतर राणीबाग. ती उघडेपर्यंत नाश्ता आटोपलेला असतो, वेळ आपोआप जुळते. स्लो लोकलने भायखळा पाचवं स्टेशन, पुढे चालत. रविवार असेल तर मेगाब्लॉक बघून निघा. 1862पासूनची ही बाग. लोक पेंग्विनकडे धावतात, म्हणून झाडं बरीचशी आपल्याला मोकळी सापडतात. गोरखचिंचेचा बुंधा, खोडालाच फुलं धरणारा कैलासपती, आणि उर्वशी. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिचे लाल तुरे फांदीवरून खाली लोंबतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, झुंबरासारखे. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872चं. घारापुरी बेटावरून आणलेला दगडी हत्ती तिथल्याच आवारात आहे. दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद, तेवढं सांभाळा.

कमतरता आहेच. राणीबाग संध्याकाळी लवकर मिटते, बसून गप्पा मारायची वेळ झाली की बाहेर पडावं लागतं, आणि समुद्र नाही. पण त्या वेळी फाइव्ह गार्डनचा बाक असतो, खोलीपासून पाच मिनिटांवर. खर्चातही मला माटुंगा थोडं स्वस्त पडलं, अर्थात ऋतू आणि घर बघून फरक पडेल.

पहिल्यांदाच मुंबई बघायला आलेला पाहुणा सोबत असेल, किंवा एकच रात्र हातात असेल, तर मलबार हिल घ्या, दिवे बघून तो खूश होईल. दोघंच जाणार असाल तर माझं मत माटुंग्याला. कुठेही ठरवा, खोली नक्की करण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या: नाश्ता किती वाजेपर्यंत मिळतो, आणि सकाळी सहाला खालच्या दाराची किल्ली कुणाकडे असते.