बॅलार्ड इस्टेटमधली साइन लँग्वेज आर्ट टूर, आईसोबत जाऊन आले

परवा शनिवारी आईला घेऊन बॅलार्ड इस्टेटमधल्या एका गॅलरीत गेले होते, तिथे कंटेम्पररी आर्टचं प्रदर्शन चालू आहे आणि त्याची साइन लँग्वेजमधली टूर होती, फुकट, फक्त आधी व्हॉट्सअ‍ॅपवर नाव द्यायचं. आई जन्मापासून डेफ आहे. (कर्णबधिर म्हणा, चालेल, पण मूकबधिर नका म्हणू प्लीज, ती मुकी नाहीये, तासन्‌तास बोलते.) बँक, डॉक्टर, माझ्या शाळेतली पालकसभा, सगळीकडे लहानपणापासून दुभाषी मीच, त्यामुळे इथेही मलाच हात चालवावे लागणार असं धरून गेले होते. दोन तासांत एकदाही लागले नाहीत.

याआधी गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी अशीच टूर केली होती. तिथे क्युरेटर (प्रदर्शन मांडणारे) बोलत होते आणि बाजूला इंटरप्रिटर साइन करत होता. इंटरप्रिटर चांगला होता, त्याची काही चूक नाही, पण क्युरेटर चित्राकडे बोट दाखवून "इथे हा लाल बघा" म्हणायचे आणि आईने त्या क्षणी लाल बघायचा की इंटरप्रिटरचे हात? आपण चित्र बघता बघता ऐकू शकतो, डेफ माणसाला दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची असतात. आईने शेवटी हात बघणं सोडलं आणि नुसती चित्रं बघत फिरली.

इथे गाइड स्वतःच डेफ आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो. प्रत्येक कामासमोर, म्हणजे कलाकृतीसमोर, आधी दोन-तीन मिनिटं तो हात खाली ठेवून गप्प उभा राहायचा, सगळ्यांचं बघून झालं की आम्हाला अर्धगोलात उभं करायचा म्हणजे कोणाचं डोकं मध्ये येत नाही, मग सांगायचा, मग थांबून पुन्हा कामाकडे वळवायचा. आम्ही 14 जण होतो, एका तासाची टूर पावणेदोन तास चालली आणि त्यात फक्त 7 कामं बघून झाली, पण एकही घाईत नाही. काउंटरवर सगळ्यांच्या बॅगा, छत्र्या आधीच ठेवून घेतल्या, हे ऐकायला किरकोळ वाटेल पण एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात छत्री असली की आईचं तोंडच बंद होतं.

एक गोष्ट सुरुवातीला अडली. 'इन्स्टॉलेशन' शब्द आला तेव्हा त्याने बोटांनी इंग्लिश स्पेलिंग केलं, तरुण मुलांना कळलं पण आई आणि अजून दोन काकू मराठी मीडियमच्या डेफ शाळेतल्या, त्यांना त्या स्पेलिंगचा काय उपयोग. आईने हात वर करून सरळ थांबवलं त्याला. मग त्याने खोली रिकामी केली, वस्तू आणून मांडल्या, माणूस आत शिरला, फिरला, प्रदर्शन संपल्यावर सगळं उचलून नेलं, असं करून दाखवलं, आणि खरं सांगते भिंतीवरच्या मजकुरापेक्षा मलाही ते जास्त कळलं. भारतीय साइन लँग्वेजचं स्वतःचं व्याकरण आहे, 'का', 'कोण', 'कुठे' हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे तो इंग्लिश मजकूर शब्दाला शब्द लावून साइन केला तर काही अर्थ लागत नाही, तो आधी समजून घेऊन नव्याने सांगावा लागतो आणि या मुलाने ती मेहनत घेतली होती.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही आवाजाच्या कामापाशी थांबलो. मोठं लाकडी खोकं, आत स्पीकर, त्यातून गिरणीचा भोंगा वाजतो. डेफ लोकांच्या टूरमध्ये हे वगळतील असं मला वाटलं होतं. गाइडने गॅलरीवाल्यांची आधीच परवानगी काढली होती, सगळ्यांना खोक्यावर तळवे ठेवायला लावले, आणि मग विचारलं, तुमच्या घरी गिरणीत कोण होतं. आईचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, आजोबा गिरणी कामगार, 1982 च्या संपात नोकरी गेली. आई म्हणाली, भोंगा मला कधी ऐकू आला नाही पण मला तो माहीत होता, चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका एकदम आत वळायच्या, बाबा चहा अर्धा ठेवून डबा उचलायचे, तो भोंगा. आई 61 वर्षांची आहे, इतकी वर्षं मी तिच्यासाठी बोलत आलेय आणि हे मला माहीत नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं. मग बाकीचेही सुरू झाले, त्या एका खोक्यापाशी पंचवीस मिनिटं गेली आणि गाइडने कोणालाही आवरतं घ्यायला लावलं नाही.

आता जे खटकलं ते. व्हिडिओच्या खोलीत मिट्ट काळोख, गाइडचे हातच दिसेनात, शेवटी दोघांनी मोबाइलचा टॉर्च त्याच्यावर धरला. एक छोटा दिवा फक्त त्याच्यावर पडेल असा लावला असता तर झालं असतं. त्याच व्हिडिओत माणसं मराठीत बोलतात आणि सबटायटल्स फक्त इंग्लिश, मराठी का नाहीत? मुंबईत, मराठी बोलणारा व्हिडिओ! बसायला स्टूलही हवेत, पावणेदोन तास उभं राहून आईचे गुडघे दुखले. आणि अशी टूर पूर्ण प्रदर्शनात ही एकदाच होती, ती निदान महिन्यातून दोनदा तरी ठेवा, आणि शनिवारीच ठेवा कारण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो.

पुन्हा टूर ठेवली तर जाणाऱ्यांसाठी: सीएसएमटीवरून चालत पंधरा मिनिटं लागतात. नाव नोंदवताना टाइप करायची गरज नाही, साइन करून व्हिडिओ पाठवला तरी चालतो, आईने स्वतःच पाठवला होता. ऐकू येणारे लोकही येऊ शकतात पण मागे उभे राहा आणि मध्ये बोलू नका. परतीच्या लोकलमध्ये आई आणि त्यातल्या एक काकू ठाण्यापर्यंत भांडत होत्या, गंजलेल्या साड्यांचं काम काकूंना आवडलं होतं आणि आईचं म्हणणं होतं की चांगल्या साड्या वाया घालवल्या.