अकलूजची सांजोवेझे की हंपीची?

ताई-दाजींच्या लग्नाला यंदा २५ वर्षं होतायत. टिळकवाडीतल्या घरीच जेवण आहे आणि दाजींना टेबलावर चांगली लाल वाइन हवी आहे. बेळगावात वाइन म्हटलं की गोव्याहून आणलेली गोड पोर्टच आठवते. तिला या वेळी सुट्टी. मी वाइन करणाऱ्या दोन कंपन्यांची नावं सुचवली: अकलूजची फ्रातेल्ली आणि हंपीजवळची क्रिस्मा. सांजोवेझे ही इटलीतल्या तोस्कानाची द्राक्षजात दोघंही लावतात, म्हणून तुलना सरळ होते.

क्रिस्मा हा कोप्पळ जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातला एकाच घरचा मळा. कृष्णप्रसाद आणि उमा चिगुरुपाटी या हैदराबादच्या नवरा-बायकोचा. दोघांची नावं जोडून क्रिस्मा झालं. दोघंही सातही खंडांत मॅरेथॉन धावलेले, म्हणजे चिवटपणा घरातच आहे. अथणीकडची बेदाण्याची बाग पाहिलेल्या माणसाला वाइनच्या द्राक्षांचा घड बघून वाटेल, पीक बिघडलंय. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, चावला की बी दाताखाली येते. पण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. उतारावर पाणी साचत नाही, वेल फार माजत नाही, मणीही फुगत नाही. बाकी एप्रिलची खरडछाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी आपल्या बागायतदारांच्या ओळखीचीच.

फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की, अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून हे उभं केलं. लागवड २००७ च्या सुमारास, वाइन करायला तोस्कानाचे पिएरो मासी. त्यांची सेत्ते, म्हणजे 'सात', ही सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों (जड, तुरट वाइन देणारी फ्रेंच द्राक्षजात) मिळून केलेली वरच्या दर्जाची वाइन.

आता निवड. ताईकडे मटण आणि झणझणीत तांबडा रस्सा ठरलेलाच. तिखटावर जड, तुरट वाइन घेतली की घसा आणखी जळतो. सांजोवेझेची आंबटसर चव मटणाची चरबी कापते, म्हणून कॅबर्ने बाजूला ठेवा, मग ती क्रिस्माची असली तरी. दहा-बारा माणसं जेवणार, तीन-चार बाटल्या लागतील. क्रिस्मा सहसा बरीच महाग पडते. म्हणून माझं मत अकलूजच्या साध्या सांजोवेझेला. क्रिस्माची एकच आणा आणि रस्सा वाढायच्या आधी, नुसत्या भाजलेल्या मटणाबरोबर ताई-दाजींनी घ्यावी. तिची चव तेव्हाच कळेल.

बाटल्या मात्र बेळगावातल्याच दुकानातून घ्या. गोव्याच्या वाटेवरच्या कणकुंबीच्या नाक्यावर तिकडच्या बाटल्या अडवल्या जातात हे आपण बघतोच. महाराष्ट्राकडून, कोगनोळीच्या बाजूनेही दुसऱ्या राज्याचा कर भरलेली बाटली आणायची तर आधी अबकारी खात्यात विचारायला हवं. आणि वाढण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मे महिन्यातलं जेवण आहे.