पिशवी काढायच्या आधी तुकड्याचा रिपोर्ट मागा

नाशिकमध्ये बायकांना असं फसवलं जातं. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर डाग पडतात. तपासणीत पिशवीच्या तोंडावर निळसर-काळपट ठिपके दिसतात, पॅपमध्ये (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन करतात त्या तपासणीत) ग्रंथींच्या पेशी संशयास्पद येतात. तेवढ्यावरच ‘कॅन्सरची सुरुवात आहे’ म्हणून आधी तोंड जाळतात, मग पिशवी काढायची घाई करतात. बिलात बायोप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढल्याचे पैसे लागतात, पण लॅबचा रिपोर्ट मात्र नसतो.

हे ठिपके पिशवीच्या तोंडावरच्या एंडोमेट्रिओसिसचेही असू शकतात. त्यात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं पेशीजाल तिथे रुजतं, बऱ्याचदा बाळंतपणात फाटलेल्या किंवा पूर्वी जाळलेल्या जागी. ठिपके सहसा काही मिलिमीटरचेच, लाल ते काळपट असतात आणि पाळीआधी फुगू शकतात. पिवळसर-पांढरट फोड असेल तर ती बहुधा साधी नॅबोथियन सिस्ट (चिकट स्राव साठून झालेली गाठ) असते, तिला घाबरायचं कारण नाही. पॅपमध्ये एंडोमेट्रिओसिसच्या पेशी कॅन्सरपूर्व पेशींसारख्या दिसू शकतात, म्हणून निव्वळ पॅपवर पिशवी काढणं चुकीचंच. इतके बारीक ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत.

निर्णय तुकड्यावर होतो. ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून पिशवीचं तोंड मोठं करून बघणं), मग नेमक्या ठिपक्यातून पुरेसा खोल तुकडा आणि तो १० टक्के फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात). वरवर खरवडलं तर वरचं साधं आवरणच येतं आणि रिपोर्टवर ‘जुनाट सूज’ लिहून येतं. पॅथॉलॉजिस्ट (लॅबमध्ये तुकडा तपासणारे डॉक्टर) ग्रंथी आणि त्यांच्या भोवतीचा स्ट्रोमा, म्हणजे आधार देणारं पेशीजाल पाहतात. शंका राहिली तर तुकड्यावर लॅबमध्ये खास रंग-चाचण्या करतात: सीडी१० स्ट्रोमा दाखवतो आणि पी१६ कॅन्सरपूर्व बदल वेगळा काढायला मदत करतो. आधीच जाळलेल्या जागेत तपासण्याजोगं काही उरत नाही, म्हणून ‘आधी जाळू, मग बघू’ याला हो म्हणू नका.

निदान पक्कं झालं आणि त्रास काहीच नसेल तर बहुतेकदा उपचारही लागत नाही. डाग पडत असतील तर तेवढाच भाग काढता किंवा जाळता येतो. जाळायचं तर पाळी संपल्यावर लगेच, म्हणजे पुढच्या पाळीआधी जखम भरते. ओल्या जखमेवर पाळीचं रक्त आलं की नवीन ठिपके रुजायची भीती असते.

तुकडा काढताना डबीवर आपलं नाव घातलंय ना, ते डोळ्यांनी बघा. लॅबचं नाव आणि नमुन्याचा नंबर लिहून घ्या. दुसऱ्या मतासाठी तुकड्याच्या काचा (स्लाइड) आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही मागता येतो. केसपेपर लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यायचा नियम आहे. डॉक्टरच्या वागण्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करा. पैशांसाठी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा, तिथे मुदत २ वर्षांची आहे आणि बायोप्सीची ओळ असलेलं बिल पुरावा म्हणून चालतं.