कुत्र्यांना घेऊन फाल्गुनात राहावे असे भोरकडचे शेतघर

पुण्याच्या आसपास कुत्र्यांसह मुक्कामाची सोय करणारी शेतघरे आता पुष्कळ झाली आहेत. मात्र कुत्र्याला आवारात येऊ दिले की आपले काम संपले, अशीच त्यांतील अनेकांची समजूत दिसते. भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या जलाशयापासून फार लांब नसलेल्या एका शेतघरात आम्ही आमची कारवान जातीची कुत्री आणि एक गावठी कुत्रा यांच्यासह फाल्गुनाच्या सुरुवातीला राहून आलो. तेथील तळे आणि आवार ज्या जाणतेपणाने सांभाळले आहे ते पाहून हा अभिप्राय सविस्तर लिहावासा वाटला.

या दिवसांत तो परिसर फार सुंदर असतो. पळस आणि पांगारा फुललेले असतात, आंब्याला मोहर असतो, आणि काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवरील लाल फुलांतला मध पिण्यासाठी साळुंक्या व भांगपाडी मैना सकाळपासून गर्दी करतात. तळ्यावर टिबुकल्या, वंचक आणि खंड्या हमखास दिसतात, आणि हिवाळ्यात आलेले धोबीही अजून परतलेले नसतात. पहाटे अंगावर शाल लागते, पण दुपारचे ऊन चांगलेच तापते. त्यामुळे कुत्र्यांना मनसोक्त पळू द्यायचे ते सकाळी आणि उन्हे कलल्यावर, हे तेथे न सांगता पाळले जाते.

आता पाण्याविषयी, कारण या जागेचे खरे मोल तिथे आहे. आवारात दोन तळी आहेत. एक जुने, मुरमाच्या उतरत्या काठाचे. दुसरे प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे. 2016 साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यापासून अशी तळी गावोगावी दिसतात, आणि त्या योजनेत सुरुवातीला सर्वांत मोठे तळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद व 3 मीटर खोल असे. पावसाळ्याच्या शेवटी शेततळे काठोकाठ भरलेले असते, पण रब्बीच्या पिकांना दिलेले पाणी आणि वाढते बाष्पीभवन यांमुळे फाल्गुनापर्यंत पातळी बरीच उतरते आणि तिरप्या भिंतींवरचे गुळगुळीत अस्तर उघडे पडते. पाण्यालगत त्यावर शेवाळही धरलेले असते. अशा तळ्यात पडलेला कुत्रा कितीही उत्तम पोहणारा असला तरी त्याची नखे अस्तरावर टिकत नाहीत, तो पुन्हा पुन्हा घसरतो आणि अखेर दमून बुडतो. माणसांचेही जीव असेच गेले आहेत. या शेतघरात शेततळ्याभोवती जाळीचे कुंपण आहे, फाटकाची कडी उंचावर आहे, आणि कुंपण ओलांडून कोणी आत गेलेच तर चढून येता यावे म्हणून चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि त्यांना बांधलेले जुने टायर पाण्यापर्यंत सोडलेले आहेत. शेततळे असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने करावी अशी ही व्यवस्था आहे, आणि तिला खर्चही फारसा येत नाही.

कुत्र्यांना पोहण्यासाठी जुने तळे मोकळे असते. काठ उतरता असल्याने आमचा गावठी कुत्रा, जो एरवी पाण्यापासून चार हात लांब राहतो, तोही पोटापर्यंत आत गेला. साचलेले पाणी तापू लागले की त्यावर नीलहरित शैवालाचा हिरवा थर येऊ शकतो आणि त्यातील काही प्रकारांचे विष कुत्र्याच्या यकृतावर घाला घालते, म्हणून घरमालकीण काकू रोज सकाळी पाण्याचा रंग पाहतात आणि शंका आली की त्या दिवशी तळे बंद ठेवतात. आरक्षणाच्या वेळीच त्या रेबीज व लेप्टोस्पायरोसिसच्या लसींची नोंदवही मागतात. या आग्रहाचा कुणी राग मानू नये.

पाण्याइतकाच त्रास या ऋतूत वाळलेल्या गवताचा असतो. कुसळी गवताची काटेरी कुसळे कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरली की उलटी फिरत नाहीत, आतच सरकत जातात. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे गवत कापलेले होते, पण मागच्या टेकडीकडचे तसेच होते. तिकडे कुत्रे सोडू नयेत. गोचिडांसाठी फिरून आल्यावर कान, काखा आणि पंजे रोज तपासावेत.

घरचे दोन कुत्रे आहेत, आणि त्यांची ओळख करून देण्याची पद्धत मला विशेष आवडली. “ताई, पट्टे एवढ्यात सोडू नका, आधी चौघांना मिळून बांधावरून फिरवून आणू,” असे काकू फाटकातच म्हणाल्या, आणि त्या फेरीनंतर गुरगुर झालीच नाही. रात्री सगळे कुत्रे घरात घ्यावेत हा नियम आहे. अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात पाळीव व भटके कुत्रे हेच त्यांचे सर्वांत मोठे भक्ष्य ठरले होते. त्यामुळे हा नियम योग्यच आहे.

जेवण साधे व चवदार: तांदळाची भाकरी, पिठले, वांग्याची भाजी, इंद्रायणीचा भात. खोल्या स्वच्छ आहेत. उणिवा सांगायच्या तर दुपारी बसायला तळ्याकाठी पुरेशी सावली नाही, शेवटचा रस्ता खडबडीत आहे, आणि कुत्र्यांवर उपचार करणारे डॉक्टर जवळपास नाहीत, कारण तालुक्याच्या ठिकाणी मुख्यतः गाईगुरांकडेच लक्ष दिले जाते. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि कुसळे काढायचा चिमटा सोबत ठेवावा. होळीनंतर जुन्या तळ्याचे पाणी झपाट्याने आटते, असे काकूंनी सांगितले. म्हणून कुत्र्यांना पोहू द्यायचे असेल तर त्याआधीच्या आठवड्यांतले, आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून इतर दिवसांचे आरक्षण करावे.