टॅलीप्राइमचे ‘स्प्लिट’: जुनी वर्षे वेगळी होतात, पण आधी घर आवरा

नागपुरातल्या इतवारीतला ठोक किराणा असो की कळमन्याची अडत, सात-आठ वर्षांची खाती एकाच ‘कंपनी’त (म्हणजे टॅलीतल्या एका व्यवसायाच्या हिशेबसंचात) साचली की टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर जड होते. खाते उघडायला वेळ लागतो, बॅकअप रेंगाळतो. त्यावर टॅलीप्राइममधले ‘स्प्लिट’ हा चांगला उपाय आहे. ते काही पुसत नाही. ठरवलेल्या तारखेला हिशेब दुभंगून दोन नव्या कंपन्या करते आणि मूळ कंपनी जशीच्या तशी ठेवते. आम्हाला त्याची हीच बाजू सर्वांत मोलाची वाटते.

आधी बॅकअप घ्या आणि तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडून पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नये. मग ऑल्ट+वाय दाबून ‘स्प्लिट’मध्ये ‘व्हेरिफाय डेटा’ चालवा. खरी मेहनत इथे आहे. माल आला पण खरेदी बिल चढले नाही, माल गेला पण विक्री बिल बनले नाही, परकीय चलनाचा फरक जर्नल (समायोजनाच्या) नोंदीने मिटवला नाही, अशा नोंदी इथे वर येतात. त्या एकेक करून निस्तरा. ‘ऑन अकाउंट’, म्हणजे कोणत्याही ठरावीक बिलाशी न जोडता टाकलेल्या वसुल्याही याच वेळी बिलांशी जुळवा, नाहीतर नव्या कंपनीत पार्टीची उधारी बिलवार कळणार नाही.

तारीख १ एप्रिलचीच ठेवा, तीही असेसमेंट (करनिर्धारण) आणि ऑडिट आटोपलेल्या वर्षानंतरची. बाकी संगणकांवर कंपनी बंद करा. यूपीएस हवाच, उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली आणि काम मध्येच तुटले, तर अर्धवट झालेल्या कंपन्या टाकून पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

झाल्यावर जुन्या वर्षांच्या कंपनीची ३१ मार्चची अखेरची शिल्लक आणि नव्या वर्षांच्या कंपनीची सुरुवातीची शिल्लक ट्रायल बॅलन्सवर (सर्व खात्यांच्या शिलकेच्या तक्त्यावर) रुपयागणिक जुळवा. स्टॉक समरीही (शिल्लक मालाचा गोषवारा) पाहा. फरक निघाला तर आधी उणे स्टॉक तपासा: माल येण्याआधी विक्री चढवली असेल, तर मूल्यांकन तिथेच बिघडते. नव्या वर्षाचे पहिले आणि शेवटचे बिल क्रमांकही मूळ कंपनीशी ताडून घ्या.

मूळ फोल्डर मात्र डिलीट करू नका. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. २०२०-२१ ची मुदत २८ फेब्रुवारी २०२२ होती, म्हणजे ते दप्तर २८ फेब्रुवारी २०२८ पर्यंत हवे. वाद किंवा अपील सुरू असेल तर आणखी पुढे. कंपनी कायद्याखाली येणाऱ्यांना आठ आर्थिक वर्षांचे बंधन आहे. एका बाह्य डिस्कवर आणि दुकानाबाहेर, अशा दोन प्रती ठेवा.

उणीव एकच, पण रोजची: पार्टीचा जुना-नवा उतारा सलग एका खात्यात दिसत नाही, दोन्ही कंपन्या उघडाव्या लागतात. म्हणून चालू वर्षामागची किमान दोन वर्षे नव्या कंपनीतच राहू द्या.